बेल न उचलणारे आप्पा

सामाईक विहीर असली की तिच्यात पाण्यापेक्षा किस्सेच जास्त साठतात. आमच्या खुटबावच्या विहिरीत आम्ही चौघं भावकीतले वाटेकरी: नाना, बापू, मी आन् आमचे चुलते आप्पा. बैठका घेऊन घेऊन जीव नुसता विटलाय. त्यातल्या निम्म्या बैठका आप्पांवरच होतात, कारण आप्पा देव मानत न्हाईत.

मानत न्हाईत म्हंजी भांडत पण न्हाईत. नानाकडं सत्यनारायण असला की आप्पा सगळ्यांच्या आधी हजर. सतरंज्या अंथरणार, पंगतीत वाढणार, शेवटी पातेली घासू लागणार. फक्त आरतीला उभे राहत न्हाईत. एकदा भटजींनी टोकलं, "आप्पा, देव न्हाई म्हणता, मग प्रसाद दोनदा कसा काय घेता?"

"शिरा हाय ना," आप्पा म्हणाले.

*

आप्पांच्या पोरीला बघायला शिरूरचे पाहुणे आले, तवा कुणीतरी आधीच हे पाहुण्यांच्या कानावर घातलं होतं. चहा पिता पिता त्यांनी विषय काढलाच. "घरात देव्हारा न्हाई म्हणं?"

आम्हाला वाटलं, आता स्थळ हातचं जातंय.

"हाय की आत," आप्पा म्हणाले. "मंडळी रोज पूजा करते. दिव्याचं तेल मी आणून देतो."

"तुमचा इश्वास न्हाई, मग तेल कशाला आणता?"

"तिचा हाय की."

पोरगी त्याच घरात दिली. सुखात हाय.

*

यंदा मात्र प्रकरण अंगाशी आलं. पाळी सोडून कुणीतरी चोरून मोटार लावली, व्होल्टेज कमी होतं, मोटार जळाली. चौघांतलाच कुणीतरी. अशा वेळी आमच्याकडं भैरोबाच्या देवळात जायचं, हातात बेल-भंडारा उचलायचा, "मी केलं न्हाई" म्हणायचं, विषय संपला. नानानं उचलला, बापूनं उचलला, मी उचलला. आप्पा पायरीखालीच उभे.

"मोटार मी लावली न्हाई. बेल मी उचलणार न्हाई."

त्या दिवशी नानाच्या उसात पाय रुतंल एवढा चिखल होता. पण नानानं बेल उचलला होता, त्यामुळं तो चिखल कुणाच्या डोळ्याला दिसंना. ठराव झाला: बेल उचलत न्हाईत तवर आप्पांचं पाणी बंद. मी नको म्हणालो, पण माझं एकट्याचं कोण ऐकतंय? आप्पांच्या रानात दसऱ्याचा झेंडू, कळ्या धरलेला. त्यांचं वर्षाचं पीक तेवढंच.

पुढच्या रविवारी नानानं भैरोबाला अभिषेक घातला. कशाबद्दल, ते कुणी विचारलं न्हाई.

*

माझी आई समजवायला गेली. "अहो भावजी, तुम्हाला देवच न्हाई, मग बेल म्हंजी नुसता पाला. उचला आन् मोकळे व्हा. झेंडू जळून चाललाय."

"वहिनी, मला पालाच हाय. पण ही पोरं त्या पाल्याकडं बघून माझ्यावर इश्वास ठेवणार. मग मी त्यांना फसवल्यासारखंच झालं की."

आई घरी आली, असल्या माणसाशी बोलून डोकं दुखतं म्हणाली, आन् जाऊन पडली.

*

मोटार दुरुस्त होऊन आली. स्टार्टरच्या पेटीला नवं कुलूप बसवलं. आता चावी कुणाकडं ठेवायची?

नानानं मला बांधावर गाठलं. "बापूकडं नको. आप्पांकडं दे."

संध्याकाळी बापू घरी आला. "नानाकडं नको बरं का. आप्पांकडंच ठेवू."

"अरे, पाणी त्यांचं तोडलंय आन् चावी त्यांच्याकडंच?" मी म्हणालो.

"म्हणून काय झालं? ते हात लावायचे न्हाईत," बापू म्हणाला. नानाला विचारलं, तर त्यानंबी हेच सांगितलं. मी जाऊन आप्पांच्या हातात चावी दिली. थकलो होतो.

*

तवापासून चावी आप्पांकडं. ज्याची पाळी असंल त्याला मोटार लावून देतात. परवा माझी पाळी होती. पाईप त्यांच्या झेंडूच्या कडेनंच जातो. झेंडूनं पार माना टाकलेल्या. मला बघवंना.

"आप्पा, माझ्या पाळीतलं पाणी घ्या. पाईपवरचा एक वाल फिरवा फक्त."

"ठराव झालाय बाबा. चुकीचा हाय, पण बसून केलाय. मोडायचा तर बसून मोडा."

रागच आला मला, खरं सांगतो. त्यांचाबी आला आन् आमचाबी. तिथूनच नानाला फोन लावला. "नाना, आजच्या आज बैठक बसव. आप्पांचा झेंडू चाललाय."

"आज कसं जमंल? आज सर्वपित्री अमावस्या. उद्या घट बसतायत. आता जे काय ते दसऱ्यानंतर."

मी फोन ठेवणार, तेवढ्यात नाना म्हणाला, "आन् हे बघ, आप्पांना सांग, घटाच्या माळेला फुलं तेवढी ठेवा म्हणावं. दरसाली त्यांच्याच रानातली असतात."