रेकॉर्डिंगमध्ये फक्त पंखा

आधीच सांगून टाकतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. या ग्रुपवर कुणी पिंपळ, पैंजण, पांढरी साडी असलं काही टाकलं की खाली "वायरिंग चेक करा" अशी कमेंट टाकणारा खडूस माणूस मीच. दोन-तीन जणांनी मला त्यापायी ब्लॉकही केलंय. काय करणार, धंदाच तो! सूरतमध्ये एम्ब्रॉयडरीच्या कॉम्प्युटर मशिनी असतात, त्यांचे बोर्ड मी दुरुस्त करतो. सोळा वर्षं झाली. मशीन आपोआप सुरू झाली, सुई भलतीकडेच धावली, असे फोन रोज येतात आणि दर वेळी कारण सापडतं. कधी सेन्सरवर कचरा असतो, कधी उंदराने वायर कुरतडलेली असते.

म्हणून हे लिहायला जड जातंय. खरं तर मी एका साउंडबारचा रिव्ह्यू लिहायला बसलो होतो.

आम्ही मूळचे अमळनेरकडचे. आप्पा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी सूरतला आले आणि बमरोलीत लूमवर, कापड विणायच्या मशिनीवर, लागले. अठ्ठावीस वर्षं तिथेच. लूमच्या खात्यात मशिनींचा असा खडखडाट असतो की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला कळत नाही. म्हणून तिथले लोक ओरडतच नाहीत. आवाज न काढता नुसते ओठ हलवतात आणि समोरचा ते वाचतो. चार मशिनी पलीकडून चहा सांगतात, भांडणंसुद्धा करतात! आप्पांचे कान त्या खडखडाटात गेले, पण ओठ वाचण्यात त्यांचा हात धरणारा माणूस मी पाहिला नाही.

आईने जन्मभर खोलीत बसून साड्यांचे धागे कापले. गेल्या वर्षी तिच्या घशात गाठ निघाली आणि ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागलं. आवाज कायमचा गेला, कुजबुजसुद्धा नाही. लिहिता यायचं ते सहीपुरतं. पण ती ओठ हलवून बोलायची आणि आप्पा आम्हाला सांगायचे. नशीब बघा... बहिऱ्या माणसाने बायकोचं बोलणं अख्ख्या घराला ऐकवायचं! आम्ही त्यावर हसायचोही. "आप्पा, आई काय म्हणते?" हा आमच्या घरात दिवसातून पन्नास वेळा विचारला जाणारा प्रश्न होता. घरात आम्ही अहिराणीच बोलतो. इथे सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहितोय, पण जिथे शब्दच महत्त्वाचे आहेत तिथे जसेच्या तसे ठेवलेत.

दिवाळीनंतर दुखणं उलटलं. मी दोघांना बमरोलीच्या खोलीतून भेस्तानला माझ्या फ्लॅटवर आणलं. डॉक्टर गुजराती, माणूस चांगला. पहिल्याच भेटीत स्पष्ट म्हणाले, किमोने आजार जाणार नाही, थोडे महिने मिळतील, त्रास मात्र होईल. मग आईकडे बघून मला विचारलं, "बाने पूछी जोयुं?" विचारलंत का त्यांना? मी आप्पांकडे बघितलं, आप्पांनी आईकडे. तिचे ओठ हलले. आप्पा म्हणाले, "करा म्हणते. तयार आहे ती." आई त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. आम्ही तारीख घेऊन घरी आलो आणि किमो सुरू झाली.

तर साउंडबार. आप्पा टीव्हीचा आवाज इतका मोठा ठेवायचे की खालच्या मजल्यावरचे लोक वर यायचे, म्हणून घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नको. पहिलं मत विचाराल तर माल झकास आहे! बास दणदणीत आहे आणि छोट्या हॉलमध्येही घुमत नाही. माणसांचं बोलणं वेगळं उचलून देणारा एक मोड आहे, त्यावर आप्पांना कितीतरी वर्षांनी बातम्या नीट कळल्या. गाणी थेट इंटरनेटवरून लागतात, टीव्ही लावायचीही गरज नाही. आणि तोंडाने हुकूम सोडता येतो. आधी त्याचं ठरलेलं नाव घेऊन हाक मारायची, मग हिंदीत किंवा इंग्रजीत काय ते सांगायचं. मराठी त्याला येत नाही, अहिराणी तर लांबच. पहिल्या संध्याकाळी आप्पा त्याच्यासमोर उभे राहून बेंबीच्या देठापासून अहिराणीत ओरडले आणि आतली बाई शांतपणे म्हणाली, "माफ़ कीजिए, मैं समझ नहीं पाई." आई इतकी हसली... आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. त्यानंतर तिला हसताना मी पाहिलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी बायकोचा फोन आला. "अहो, तुमचा हा डबा आपोआप आवाज कमी करतोय." मी म्हटलं, "रिमोटवर बसली असशील." वंदना भडकलीच. "रिमोट माझ्या हातात आहे! कामधंदे सोडून मी तुम्हाला थापा मारायला फोन करते का?" आप्पा खाली फिरायला गेले होते, आई हॉलमधल्या पलंगावर पडलेली.

संध्याकाळी मी ॲप उघडलं. त्यात हिस्ट्री असते. किती वाजता काय हुकूम मिळाला, त्याचे शब्द आणि सोबत रेकॉर्डिंग. दोन चाळीसला एक नोंद होती.

"आवाज कमी कर. डोकं दुखस."

दुखस! ही अहिराणी. वंदना अकोल्याची, तिला अहिराणी कळते पण ती बोलत नाही. रेकॉर्डिंग लावलं. चार सेकंद, आणि त्यात फक्त पंखा. हेडफोन लावून ऐकलं, कॉम्प्युटरवर घेऊन आवाज वाढवून ऐकलं. पंख्याची घरघर, रस्त्यावरच्या रिक्षाचा हॉर्न, बस. माणसाचा आवाज नाही. शिवाय हाक मारल्याशिवाय तो डबा ऐकायलाच लागत नाही आणि इथे हाकही नव्हती.

बग असणार. मी सगळं रीसेट केलं, पासवर्ड बदलला, माझा सोडून सगळ्यांचे फोन त्यातून काढले. दुसऱ्या दिवशी आणखी एक नोंद... "पानी दे." तिसऱ्या दिवशी कामावर जाताना माईक बंद करायचं बटण दाबून गेलो, लाल दिवा लागलेला स्वतः पाहिला. दुपारी नोंद आली.

"माले आते सुई नको. बस व्हयनं."

मला आता सुई नको, बस झालं. एका मालकाच्या कारखान्यात बोर्ड उघडून बसलो होतो, तो तसाच टाकून उठलो. घरी येऊन आप्पांना विचारलं, म्हणजे त्यांच्यासमोर तोंड धरून सावकाश विचारलं, "आई सुई नको असं म्हणते का कधी?" ते म्हणाले, "छे रे! ती तुझ्या जेवणाची काळजी करते."

मग माझं डोकं सटकलं. वॉरंटी गेली तेल लावत! शनिवारी स्क्रू काढून साउंडबार उघडला, माईकची वायर बोर्डावरून उपसली, पाकिटात ठेवली आणि झाकण लावलं. आता त्याच्या कानाशी ढोल वाजवले असते तरी त्याला कळायला नको होतं. हे मी सोळा वर्षांच्या कामाच्या जोरावर सांगतोय.

रविवारी संध्याकाळी आम्ही सगळे हॉलमध्ये होतो. सोमवारी किमोचा पुढचा डोस होता. मी आईच्या पायाशी बसून म्हटलं, "आई, उद्या सकाळी लवकर निघू, हं?" तिचे ओठ बराच वेळ हलले, आप्पांकडे बघून. मी विचारलं, "काय म्हणते?" आप्पा म्हणाले, "हो म्हणते. स्वेटर घ्या म्हणते, तिथे गार असतं." आईने मान भिंतीकडे फिरवली. तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. ॲपची सूचना होती.

"तू त्याले खोटं सांगस. माले आयकू येस. माले बमरोलीले लइ चाल."

तू त्याला खोटं सांगतोस. मला ऐकू येतं. मला बमरोलीला घेऊन चल.

अंगावर काटा आला म्हणतात ना, तो किती खरा असतो ते मला त्या दिवशी कळलं. वायर माझ्या पाकिटात होती. आणि भीती त्या यंत्राची वाटलीच नाही हो, दुसऱ्याच गोष्टीची वाटली. आईचा आवाज गेला होता, कान तर शाबूत होते! इतके दिवस ती नको म्हणत होती आणि तिच्यासमोर बसून आप्पा "हो म्हणते" सांगत होते, आणि ते ती ऐकत होती. आणि मी "शाबास आई" म्हणून तिच्या पाठीवरून हात फिरवत होतो. विचारायचो तिला आणि बघायचो आप्पांकडे, तिने नको म्हणून मान हलवली असती तरी मला दिसली नसती.

तुम्ही म्हणाल, मग तू काय केलंस? काही नाही. मोबाईल उलटा ठेवला. सोमवारी सकाळी स्वेटर घेतला आणि तिला घेऊन गेलो. मनाला समजावलं की सॉफ्टवेअरच्या गोंधळावर आईचा उपचार थांबवायचा का? खरं कारण तेवढंच नव्हतं. किमो थांबवली तर ती जाणार, हे मला आप्पांइतकंच कळत होतं. सुई टोचताना तिने माझ्याकडे बघितलं आणि मी छताकडे बघितलं.

तो डोस तिला फार जड गेला. चार दिवस उलट्या, तोंडात फोड. आणि त्या चार दिवसांत ॲपमध्ये एकही नोंद नाही. पाचव्या दिवशी मी आप्पांना विचारलं, "आई काय म्हणते?" आप्पा म्हणाले, "काही नाही. ओठच हलवत नाही ती." हे मात्र ते खरं बोलत होते, तिचे मिटलेले ओठ मीही बघत होतो.

मी त्यांना गॅलरीत नेलं आणि मोबाईल त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. आप्पांना वाचता येतं. त्यांनी सगळ्या नोंदी वाचल्या, शेवटची दोनदा. मला वाटलं चिडतील. यंत्राला कसं कळलं, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

"ती बस म्हणस," ते म्हणाले. "मी तुमले काय सांगू? बस करा, मरू द्या तिले? ते मना तोंडमाईन निंघस नही."

माझ्या तोंडून ते निघत नाही. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण मी वाचूनसुद्धा तिला घेऊन गेलो होतो, कुठल्या तोंडाने रागावणार? दोघंही रडलो, भर दुपारी, समोरच्या गॅलरीतली बाई कपडे वाळत घालता घालता बघत होती.

मग मी आईजवळ गेलो आणि तिला सगळं वाचून दाखवलं. "आई, हे तूच बोललीस ना?" तिने मान डोलावली. "त्याला कसं ऐकू गेलं?" तिने माझ्याकडे असं बघितलं की कसला बावळट प्रश्न विचारतोस. डॉक्टरांना फोन करून सांगितलं, त्यांनी दुखणं कमी करायची औषधं लिहून दिली. दुसऱ्या दिवशी टेम्पोत गादी घालून आम्ही तिला बमरोलीला नेलं.

खोली बंद होती तरी शेजारच्या बायकांनी आधीच झाडून-पुसून ठेवली होती. दार उघडं टाकून त्या उंबऱ्यापाशी धागे कापत बसायच्या आणि आई पलंगावरून त्यांचं बोलणं ऐकायची. एकोणीस दिवस ती तिथे होती. आप्पा तिच्याजवळून हलले नाहीत. ती जे बोलायची ते सगळं सांगायचे, दुखतंय म्हणाली तर दुखतंय, शेजारच्या एका मावशीच्या बोलण्याची कटकट होते म्हणाली तर तेही, मावशीच्या तोंडावर!

आता तुमचे प्रश्न. सर्व्हिस सेंटरला विचारलं. ते म्हणाले, ही भाषा आमच्या सिस्टीममध्ये नाहीच, तुम्ही म्हणता तशी नोंद होऊच शकत नाही. त्यांना नोंदींचे फोटो पाठवले, मग उत्तर आलं नाही. माझ्या ओळखीच्या एका साउंडवाल्याने रेकॉर्डिंग तासभर तपासलं. पंखा, म्हणाला. माईकची वायर काढल्यानंतरच्या नोंदीतही पंखाच वाजतो, आणि माईकच नसताना पंखा तरी कुठून आला, हे मला अजून सुटलेलं नाही. पहिल्या दिवसापासून मी "वायरिंग चेक करा" म्हणणारा माणूस आहे. केलं. सगळं चेक केलं. कुणाला कारण सापडलं तर खाली लिहा, मी वाद घालणार नाही.

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी मी तिच्यासमोर बसलो. यंत्र नव्हतं, ते भेस्तानलाच बंद करून ठेवलंय. मी विचारलं, "आई, त्या सोमवारी मी तुला नेलं... माझ्यावर रागावलीस का?" तिचे ओठ हलले, थोडेसेच. मी आप्पांकडे बघितलं. मी म्हटलं, "आप्पा, खरं सांगा."

आप्पा म्हणाले, "हा म्हणस." हो म्हणते.

मी मान हलवली आणि चमच्याने तिच्या ओठांना पाणी लावलं.