दाढी खुरपायची नसती

"दाबल्याबिगर निघंल कसं रे? तण असू दे का केस, बुडाशी गेल्याबिगर निघत न्हाई."

"बुडाशी जायचंच न्हाई, काकू. तुमी काकाचा गाल खुरपायल्या."

परमेश्वर न्हावी उंबऱ्यावर बसून तिसऱ्यांदा तेच सांगत होता आणि सुलाबाईच्या डोक्यात ते तिसऱ्यांदाही शिरत नव्हतं.

तिच्या नवऱ्याला, रंगनाथला, लकवा होऊन चौथा महिना लागला होता. उजवा हात लुळा, तोंड त्याच अंगाला ओघळलेलं. गंगाखेडच्या डॉक्टरनं बजावलं होतं, रोज पारापर्यंत चालवा, नाहीतर पाय कायमचा आखडंल. पण गडी जन्मभर पालमच्या बाजारात बैलांचे सौदे केलेला. दाढीचे खुंट घेऊन चार माणसांत जायला तो तयार नव्हता. परमेश्वरनं दुकान पालमला नेल्यापासून तो पंधरा दिवसांतून एकदा गावात यायचा. मधले चौदा दिवस रंगनाथ भिंतीकडं तोंड करून पडायचा आणि पायाचं लाकूड होत चाललं होतं. शेवटी परमेश्वरनंच हे रेझर आणलं. आज शिकवून तो आठच्या गाडीनं जाणार होता, आणि आठलाच सुलाबाईला बायांबरोबर सोयाबीन खुरपायला निघायचं होतं.

गालावर दोन जागी रक्त आलं होतं. रंगनाथनं डाव्या हातानं तिचा हात ढकलला. "क... कापायलीस का सोलायलीस?"

"गप बसा. बैल परवडला, त्याचे पाय तरी बांधता येतेत."

कुडावरून शेजारच्या दगडाबाईनं मान काढली. "सुले, झाल्यावर माह्या म्हाताऱ्याची बी कर. मिशासकट काढ."

"तू मान धरून ठेव, मग करते."

परमेश्वरनं कपाळावर हात मारला. "काकू, घर सारवता का न्हाई?"

"मंग कोन, तू येतूस सारवायला?"

"सारवताना हात दाबता का?"

"दाबीन कशाला? बोटाचे वळ उठतेत."

"ह्ये तसंच. रेझरचं डोकं गालाला टेकवा, दांडी हळूहळू खाली आना, पातं केसाला लागलं की तितंच धरा. रेझरचं वजनच पुरं, आपला जोर न्हाई. बोटभर ओढायचं, पान्यात धुवायचं."

सुलाबाईनं त्याच्याकडं खाऊ का गिळू असं बघितलं. "ह्ये आदी सांगायला तुह्या तोंडाला काय झालं व्हतं? दोन डाव रगात काढल्यावर सुचलं?"

तिनं ब्रश गरम पाण्यात बुडवून पुन्हा फेस चढवला. ओघळलेला गाल डाव्या अंगठ्यानं कानाकडं ताणून धरला आणि हात सैल सोडला. चर्र आवाज आला. फेसाची एक पट्टी निघाली, खाली गाल कोरा. रक्त नाही. तिनं दुसरी पट्टी ओढली.

गळ्यापाशी पातं अडलं.

"बोट फिरवून बघा, केस कुनीकडं पडलेत. तिकडंच जायचं."

तिनं बोट फिरवलं. गळ्याचे केस खालून वर हनुवटीकडं चढलेले. "उलट्या खोपडीचा मानूस, केस बी उलटेच."

तुरटी फिरवल्यावर रंगनाथ सुस्कारला. डाव्या तळव्यानं गाल, हनुवटी, गळा चाचपला. "मि... मिशी वाकडी."

"तोंड वाकडं हाय. मिशी काय करील?"

परमेश्वर हसत गाडीला पळाला. रंगनाथनं टोपी मागितली, मग काठी. उंबऱ्यावर उजवा पाय दोनदा अडखळला. सुलाबाईनं त्याला धरलं नाही, नुसती मागं चालली, पाऊल कुठं पडतंय ते बघत. पारावरच्या म्हाताऱ्यांनी सरकून जागा दिली.

"मी येईस्तोर एकटं उठू नका. दगडाबाईचा म्हातारा घरी आनून सोडंल."

त्यानं हातानंच तिला जा म्हटलं. एक म्हातारा त्याला बैलाच्या दातांवरून वय विचारायला लागला होता.

ती शिवारात पोचेपर्यंत बाया निम्मी ओळ खुरपून पुढं गेलेल्या. सुलाबाईनं पदर खोचला, कडेची एक ओळ शिल्लक होती, ती धरली.