वहिनींनी मागून घेतलेला अधिकार

माझ्या वहिनी खासदारकीला उभ्या राहिल्या तेव्हा विरोधकांनी एकच चेष्टा लावून धरली होती: निम्म्या मतदारांना या बाईंनी आधीच टोचलंय. खोटं नव्हतं ते. आमच्या सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त काढण्यात त्यांची उभी हयात गेली. गाव त्यांना सुईबाई म्हणायचं आणि त्याही खुशाल ओ द्यायच्या. माझं औषधाचं दुकान रुग्णालयाच्या फाटकासमोर, त्यामुळे बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

त्यांना राजकारणात ढकललं ते एका आदेशाने. राजधानीतल्या केंद्रीय आरोग्य प्राधिकरणाने आमचा प्रसूती विभाग बंद केला. कारण काय, तर बाळंतपणं ठरवलेल्या संख्येपेक्षा कमी. सही करणाऱ्याने आमचा घाट निदान नकाशावर तरी पाहिला होता का, देव जाणे! त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या गल्लीतली शिवणकाम करणारी पोर मोठ्या रुग्णालयात जाताना घाटातच बाळंत झाली. मूल रडलंच नाही. तिला भेटून वहिनी माझ्या दुकानात आल्या, काउंटरला टेकून उभ्या राहिल्या.

"भाऊजी, आपल्याला कुणी विचारलंसुद्धा नाही हो," एवढंच म्हणाल्या.

तेवढ्यासाठी त्या निवडणूक लढल्या आणि जिंकल्या. संसदेत त्यांचं विधेयक दोनदा आपटलं. मंत्री हसत म्हणाले, गावागावाने ठरवायचं म्हटलं तर झालंच कल्याण. पण वहिनी चिवट. तिसऱ्या खेपेला कायदा झाला: गावात उघड सुनावणी घेऊन स्थानिक आरोग्य समितीची संमती मिळाल्याशिवाय प्राधिकरणाला कुठलाही विभाग बंद करता येणार नाही. आमचा विभाग पुन्हा उघडला. समितीचं अध्यक्षपद ओघानेच वहिनींकडे आलं. त्या दिवशी दुकानात येईल त्याला मी चहा पाजला.

मग भूलतज्ज्ञ बदली घेऊन गेले आणि त्यांच्या जागी कुणी यायला तयार होईना. रक्त ठेवायची सोयही मोडीत निघाली. प्राधिकरणाचा तपासनीस येऊन स्पष्टच बोलला, "एखादी बाई अडली तर इथे दगावेल. हे बंद करा." पण आता ते त्याच्या हातात राहिलं नव्हतं. सुनावणी लागली.

शाळेचं सभागृह खच्चून भरलं होतं. मी उठलो आणि राजधानीच्या दादागिरीवर असा काही तापलो, की टाळ्या थांबेनात. वहिनींनी मला पुरतं बोलू दिलं. मग विचारलं, "ज्यांच्या घरात कुणी गरोदर आहे, त्यांनी हात वर करा."

बरेच हात वर झाले. माझाही होता, लेकीचे दिवस भरत आले होते.

"आता जी इथेच बाळंत होणार आहे, तिच्याच घरच्यांनी हात वर ठेवा."

हात खाली येऊ लागले. लेकीचं नाव जावयाने घाटापलीकडच्या मोठ्या रुग्णालयात घातलेलं होतं. माझाही हात खाली आला. सबंध सभागृहात एकच हात उरला, त्या शिवणकाम करणाऱ्या पोरीचा. तिला पुन्हा दिवस गेले होते.

"ताई, मी आणखी कुठे जाणार? मी इथेच येणार. तुम्ही आहात ना!"

वहिनी तिच्याकडे बघत राहिल्या. मग लिहून घेणाऱ्या कारकुनाला म्हणाल्या, "भूलतज्ज्ञ आणि रक्ताची सोय होईपर्यंत विभाग बंद. समितीपुढे माझं मत असंच लिहा."

एकच गोंधळ उडाला. विकली गेली म्हणाले लोक. समितीतले बाकीचे माना खाली घालून बसले, पण संमती दिली त्यांनी. घरी आल्यावर मीही सोडलं नाही. "वहिनी, मग भांडलात कशाला इतकी वर्षं? त्यांनी तरी दुसरं काय केलं होतं?"

"त्यांनी तिचं तोंड न बघता केलं," त्या म्हणाल्या. "मी बघून केलंय. माझ्या घशाखाली घास उतरत नाही, भाऊजी."

दुसऱ्या दिवसापासून भूलतज्ज्ञासाठी त्यांचे फोन सुरू झाले. पोरीचे दिवस भरत आले तसं त्यांनी मोठ्या रुग्णालयाजवळ खोली घेतली आणि तिला घेऊन तिथेच राहिल्या. इकडे कुणीतरी बंद विभागाच्या दारावर कोळशाने त्यांच्याबद्दल नाही नाही ते लिहून ठेवलं. येता-जाता लोक वाचायचे आणि हसायचे.

एका दुपारी त्यांचा फोन आला. आवाज पार बसला होता.

"मुलगी झाली. पोट उघडावं लागलं. फार रक्त गेलं हो, भाऊजी... आपल्याकडे असती तर माझ्या डोळ्यांसमोर गेली असती." मागे बाळ रडत होतं, ते मात्र स्वच्छ ऐकू येत होतं.

मी फोन ठेवला, गिऱ्हाइकांना थांबायला सांगितलं आणि बादलीभर पाणी घेऊन समोरच्या रुग्णालयातलं ते दार पुसायला गेलो.