पाळण्यातलं कुरडयांचं कडवं

बाळांनो, बहिणीच्या बारशाला अक्का आजींनी पाळण्यात कुरडयांचं कडवं का घातलं, असं तुम्ही दोघांनी परवा विचारलंत. फोनवर सांगून ते नीट कळणार नाही, म्हणून लिहून पाठवते आहे. त्या दिवशी पडद्यावर आम्ही उशिरा दिसलो, एवढंच तुम्हाला ठाऊक. इकडे हिंगोलीच्या घरात काय चाललं होतं ते आता वाचा.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. हट्ट्याला, आपल्या गावी, शेती बघतात. आपल्या घरातल्या प्रत्येक लेकराचा पाळणा त्यांनीच म्हटला आहे. तुमच्या बाबांचा आणि तुम्हा दोघांचाही. नेहमीच्या ओळी झाल्या की त्या लेकरापुरती स्वतः जुळवलेली कडवी त्या घालतात. पाळणा झाल्याशिवाय कानात नाव सांगायचं नाही, हा आपल्या घरचा रिवाज. बारसं तिकडे परदेशात, तुमच्याकडेच करायचं ठरलं तेव्हा त्यांनी मला एकच गोष्ट विचारली, "तुझ्या त्या कंप्युटरातून माझा आवाज लेकराला जाईल का गं?"

मी बिनधास्त हो म्हणून टाकलं. त्या आदल्या दिवशीच मुक्कामाला आल्या. आल्यापासून पुटपुटत होत्या. कडवी जुळवणं चाललं होतं. पण नुसतं बसणं त्यांच्या स्वभावात नाही. बारशाच्या दिवशी सकाळी त्यांनी गव्हाचा चीक शिजवायला घेतला आणि ऊन चढायच्या आत गच्चीवर कुरडया घालून मोकळ्या झाल्या.

माझी सवय तुम्हाला माहीत आहे. ऐन वेळी धावपळ नको म्हणून मी दुपारीच कंप्युटर सुरू केला, अक्कांच्या खुर्चीवर उशी ठेवली. पाहते तर इंटरनेट नाही. सकाळी होतं. बारसं संध्याकाळी, म्हणजे तुमच्या सकाळी.

मोबाइलवरून लावून पाहिलं. आपल्या घरात मोबाइलची रेंज फक्त खिडकीपाशी येते. तिथे उभं राहिलं तर तुमच्या आईचा चेहरा उघड्या तोंडानं थांबून राहिला आणि आवाज तुकड्या-तुकड्यांनी आला. अक्कांनी डोळे बारीक करून पाहिलं. "ही काहून हलून न्हाई राहिली? इच्यासमोर गायचं म्हंजे फोटोसमोर गायचं."

आजोबांनी कंपनीला फोन केला. माणूस उद्या येईल, असं उत्तर मिळालं. "मग तिकडच्याच कुणी बाईनं म्हणावा पाळणा," आजोबा म्हणाले. "नाहीतर बारसं उद्या करा म्हणावं."

"भावजी, लेकरू काय टपाल हाय का, उद्या वाटलं तरी चालंल?" अक्का फटकन बोलल्या. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. त्यांना असं बसलेलं मी क्वचितच पाहिलं आहे.

मी क्रमानं तपासायला घेतलं. आधी कंप्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. मग भिंतीवरचा डबा, ज्याला बाहेरची तार येऊन मिळते, तो बंद केला, थोडं थांबले, लावला. तारांची टोकं काढून पुन्हा घट्ट बसवली. डब्यावरचे बाकीचे दिवे हिरवे झाले. एक मात्र लाल, सारखा लुकलुकत राहिला. डब्याखालच्या बारीक इंग्रजीत लिहिलं होतं की हा दिवा लाल राहिला तर बाहेरून येणारी लाइन पोचत नाही. मी ते अक्कांना मराठीत सांगितलं.

त्या एकदम सरळ बसल्या. "म्हंजे मोटर चालू हाय, पर पानी येऊन न्हाई राहिलं. मग हितं काय बसलीस? नळी फुटली का दबली, ते बांधावर बसून कळतंय व्हय? नळीच्या कडंकडंनं चालत जावं लागतं."

आणि निघाल्या. तार डब्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीतून बाहेर, भिंतीच्या कडेनं वर गेलेली. गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या पायऱ्या टाळणारी ही बाई, एका हातानं कठडा धरून आणि नजर तारेवरून न हलवता बाहेरचा जिना चढली. मी मागे होते.

गच्चीवर कुरडयांवर जुनी नऊवारी ताणलेली होती, कावळ्यांपासून राखण म्हणून. साडीची तीन टोकं टाकीच्या नळाला आणि कठड्याच्या गजांना बांधलेली होती. चौथ्या टोकाला जवळ काही नव्हतं. वरून झुलत जाणारी एक काळी तार खाली ओढून तिचाच फासा करून त्यात ते टोक अडकवलेलं होतं. बैलाच्या दाव्याची गाठ. ओढ बसेल तशी आवळत जाणारी. दुपारच्या वाऱ्यानं साडी फुगली आणि गाठ आवळली गेली.

मी अजून जिन्याच्या तोंडाशीच होते. अक्कांनी मनात आणलं असतं तर हळूच गाठ सोडून "वाऱ्यानं झालं" म्हणता आलं असतं. त्यांनी तारेला हातही लावला नाही. कठड्यावरून वाकून हाक मारली, "भावजी, वर या! तुमचा चोर गावला. मीच हाय."

आजोबा धापा टाकत आले. "वहिनी, इथं बैल कुठला बांधायचा होता?"

"बैल खालीच व्हता, कंपनीला फोन करून राहिला व्हता."

मी म्हटलं, "अक्का, जपून. आत केसाइतकी बारीक काच असते. त्यातून उजेड येतो."

"उजेड? आन् म्या त्याच्या गळ्याला फास लावला!" त्या खाली बसल्या. तार जराही न ओढता, नखानं एकेक वेढा सैल करत गाठ सोडवू लागल्या. मी साडी हातांवर तोलून धरली, आजोबा डब्यापाशी जाऊन उभे राहिले. हे सगळं होईतो संध्याकाळ झाली, बारशाची वेळ टळत आली. अक्का सुटलेली तार धरून तशाच बसून होत्या, ओठ हलत होते. मग आजोबा ओरडले, "हिरवा!"

पुढचं तुम्ही पाहिलंच आहे. अक्का उशीवर बसल्या, आणि पहिल्या कडव्यानंतर तुमच्याकडच्या बायकांचं 'जो जो' जरा मागाहून ऐकू आलं. मला वाटलं, आता ताल चुकणार. अक्का हट्ट्याला एका शेतातून दुसऱ्या शेतात हाका मारत आल्या आहेत. आवाज जायला आणि यायला वेळ लागतो हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. प्रत्येक कडव्यानंतर त्या थांबत, तुमचा 'जो जो' येऊन पोचू देत, आणि मगच पुढचं धरत.

शेवटी ते कडवं आलं: काचेच्या वाटेनं उजेड निघाला, कुरडया राखणाऱ्या आजीनं तो बांधून ठेवला, नातीसाठी तिनंच सोडला. तुम्ही हसलात, पण कशाला ते तुम्हाला माहीत नव्हतं. आम्ही तिघांनी मात्र एकमेकांकडे बघितलं नाही, नाहीतर पाळणा तिथेच थांबला असता.