भोवऱ्याजवळची जागा

शिकागोत देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर कुणाचा फ्रीज बंद पडला की कबीरला फोन जातो. मिठाईवाल्याचं काउंटर असो की भाजीवाल्याचा कूलर, कबीर पेटी घेऊन येतो, पोटावर पालथा पडतो, मोटरीला कान लावतो आणि म्हणतो, "ह्येचा पंखा गेलाय बघा." उंचापुरा काळा माणूस आणि तोंडात कराडकडची मराठी. पुण्याकडून शिकायला आलेली पोरं डाळीचं पाकीट हातात धरून बघतच राहतात. बाप ओटिस शिकागोतला ब्लॅक माणूस, हॉस्पिटलची ॲम्ब्युलन्स चालवायचा. आई रेखा कराडची, त्याच हॉस्पिटलात नर्स. ओटिस गेला तेव्हा कबीर पाच वर्षांचा होता. पुढची मराठी, पुढचं जेवणखाण, पुढचं सगळं आईकडून आलं.

केस तेवढे आईला जमले नाहीत. कराडला जसे पोरांचे विंचरायचे तसेच तिने विंचरायला घेतले. खोबरेल थापायचं, गुडघ्यात डोकं धरायचं आणि मुळापासून फणी ओढायची. पोरगं किंचाळायचं आणि फणीचे दात मोडायचे. तिसरी फणी मोडली त्या दिवशी तिने केस कापायचं मशीन आणलं. तेव्हापासून दर पंधरवड्याला मशीन फिरलं. कबीर मोठा झाला, स्वतः फिरवायला लागला, पण फिरवणं काही थांबलं नाही.

चाळिसाव्या वर्षी डोक्यावर मशीन फिरवताना त्याच्या हाताला कळलं की मागे भोवऱ्यापाशी खुंट लागत नाहीत. कराडचे राजाराममामा त्याला आठवले. मामांचं डोकं म्हणजे घासूनपुसून ठेवलेलं घंगाळ. केस बापाचे असले तरी टक्कल मामाचं, असा हिशोब त्याने मनाशी करून टाकला. हॉलमध्ये ओटिसचा एकच मोठा फोटो आहे. मागे मिशिगन सरोवर, पुढे हसणारा बाप आणि डोक्याभोवती केसांचा हा एवढा गोल. तसं डोकं आपल्या आरशात एकदा बघायचं होतं, आणि मामाचं टक्कल पोचायच्या आत बघायचं होतं. त्याने मशीन कपाटात टाकलं.

"आरं, ही कसली झुडपं?" रेखाने विचारलं.

"वाढवतोय."

"कशापायी?"

"आसंच."

दीड वर्ष गेलं. रविवारी केस धुणं, मग कंडिशनर, वर शिया बटर, झोपताना सॅटिनची टोपी. एक बट ओढून धरली तर नाकापर्यंत यायची आणि सोडली की परत डोक्याशी. "स्प्रिंगच हाय की," रेखा म्हणायची. टोपीवरून तर ती रोज एकदा हसायची.

जानेवारीतल्या एका रविवारी ती म्हणाली, "कोरडं ठाक पडलंय रे. तेल लावू दे." बाटलीतलं खोबरेल गोठून दगड झालेलं. तिने ते गरम पाण्यात ठेवून पातळ केलं. कबीर खाली बसला. तिचा हात डोक्यावर फिरला आणि त्याचे डोळे मिटायला लागले. तेवढ्यात तिने न विचारता फणी घेतली, आणि न भिजवलेल्या केसांत, मुळापासून, जुन्या सवयीने खाली ओढली. भोवऱ्याजवळचा झुपका फणीबरोबर हातात आला.

तिने मूठ मिटली. कबीरने ते समोरच्या बंद टीव्हीच्या काचेत बघितलं.

"इट्स ओके, आई," तो म्हणाला. रागावला की तो इंग्रजीत बोलतो, हे तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तो हॉवर्ड स्ट्रीटवरच्या लव्हेल न्हाव्याकडे गेला. लव्हेल पंचाहत्तरीचा, पाठीत वाकलेला. त्याने मागून बघितलं.

"हे कुणी केलं?"

"आईने."

"शनिवारी घेऊन ये तिला."

शनिवारी रेखा जाड कोट न काढता खुर्चीवर बसली. लव्हेलने तिला दाखवलं. आधी भिजवायचं, मग कंडिशनर, मग फणी नाही, बोटं. टोकाकडून सोडवत मुळाकडे यायचं. "सलाईनची गुंतलेली नळी सोडवतात तसंच हाय ह्ये," ती म्हणाली. तिची बोटं लगेच चालायला लागली.

लव्हेल कबीरला म्हणाला, "बाळा, खरं सांगतो. तुटलेला झुपका परत येईल. पण त्याच्याभोवती विरळ झालंय, ते आता येणार नाही. आहे ते मिरव, नाहीतर आज उतरव. डोकं तुझं."

"उतरवा," कबीर म्हणाला. मग आईकडे वळला. "मामाचं डोकं हाय. कवातरी व्हायचंच हुतं."

मशीन सुरू झालं.

"थांबवा ते!" रेखा उठली. "कुणाचं डोकं? राजारामाचं कपाळापासनं मागं गेलं. तुझं मागनं चाललंय. ह्ये तुझ्या बापाचं हाय."

"बाबाचं? फोटोत तर..."

"फोटो मीच काढलाय की, म्होरनं! मागनं काढू दिला असता व्हय त्यानं? रोज सकाळी बाथरूमचं दार लावून बसायचा. मला डोक्याला हात लावू द्यायचा न्हाय. मला वाटायचं, मला येत न्हाय म्हणून."

काय चाललंय ते लव्हेलला कळेना. कबीरने त्याला सांगितलं, तसा तो मशीन बंद करून खुर्चीची पाठ धरून हसत सुटला.

रेखाने काउंटरवरचा कुरळे केस फुलवायचा लांब दातांचा पिक उचलला. कबीरच्या मागे उभं राहून तिने दोन्ही बाजूंचे केस उचलत उचलत वर आणले, विरळ जागेवर फुलवले आणि तळव्याने दोनदा हलकेच थोपटले.

"आसं करायचा," ती म्हणाली. "दाराच्या फटीतनं बघितलंय मी."

लव्हेलने रिवाजाप्रमाणे मागचं दाखवायला हातातला आरसा धरला.

"नको," कबीर म्हणाला. "म्होरनंच बघतो."