दिल्लीचे दोन तास

नर्मदामावशी अंतर फुलांवर मोजायच्या. मखमलाबादला त्यांचा निशिगंधाचा मळा होता. रोज सकाळी सहाला पुडी घेऊन त्या आमच्या दारात यायच्या. नाशिक रोड म्हणजे "कोरड्या पुडीत जातंय". मालेगावला ओलं फडकं लागायचं आणि मुंबईला "बरफाबिगर नाय". दारामागे लावलेली माझ्या कामांची यादी बघून विचारायच्या, "ताई, यात जेवायचं लिवलंय का इसरल्या?" एकदा खरंच विसरले होते.

आईविना वाढलेल्या मावशींना थोरल्या बहिणीनं, अक्कांनी, सांभाळलं होतं. अक्का म्हातारपणी लेकाकडे दिल्लीला राहायच्या. एका गुरुवारी मावशी फुलांऐवजी बोचकं घेऊनच आल्या.

"अक्काचं दुखणं लय वाढलंय. भाचा म्हनतो, ये लवकर. संध्याकाळची रेल्वे धरते. उद्या पोचंन ना?"

"रेल्वे कशाला? ओझरहून विमान आहे," मी फोनवर बघून सांगितलं. "हवाई अंतर हजारेक किलोमीटर. दोन तास."

"दोनच?" त्या पायरीवर टेकल्या. "फुलं तोडून गोदाकाठच्या बाजारात न्यायला तेवढा टाइम जातो माझा! मंग उद्या जाऊ का परवा?"

शुक्रवारच्या विमानात जागा होती. मी ती बघितली होती. पण शुक्रवारी माझ्या ऑफिसात तपासणी होती, आणि शनिवारी सुट्टी. शनिवारी मला त्यांना ओझरला सोडता आलं असतं.

"परवा जा," मी म्हणाले. "मीच सोडते." यादीत एक ओळ वाढवली आणि त्यांचं बोचकं उचलून त्यांच्या हातात दिलं. मावशींनी पुन्हा विचारलं नाही. माझ्या यादीवर त्यांचा फार विश्वास.

शुक्रवारी संध्याकाळी अक्का गेल्या. शनिवारी ओझरच्या रस्त्यावर मावशी एवढंच बोलल्या, "भाचा सांगत व्हता, काल दिवसभर माझंच नाव घेत व्हती." मी गाडी चालवत राहिले.

दिल्लीहून परतल्यावर त्यांनी गल्लीभर सांगितलं, "ताईनं विमानात बसवलं मला. नायतर माझ्यासारखीला कोन बसवतंय?" दुसऱ्या दिवसापासून आमच्या पुडीत चार काड्या जास्त येऊ लागल्या. खरं सांगायला मी तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "राहू द्या ओ, फुलंच हायेत."

गेल्या वर्षी त्यांना दवाखान्यात भेटायला गेले, सांगायचंच असं ठरवून. मावशींनी माझा हात धरला आणि नर्सला म्हणाल्या, "ह्याच त्या ताई. ह्यांनी मला दिल्लीला धाडलं." नर्सनं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मी हसले.

चार दिवसांनी मावशी गेल्या. शुक्रवारीही विमान होतं, हे त्यांना कळलंच नाही.