शीलाताईंची चुकलेली वाट

शीला मेश्राम भर मीटिंगमध्ये हात वर करून "मले माहीत नाही" म्हणायच्या. सिडनीच्या पश्चिमेला माती तपासणाऱ्या एका लॅबमध्ये आम्ही एकत्र कामाला होतो. बाकीचे सगळे, मीसुद्धा, माहीत नसलेल्या गोष्टीवर "बघते, सांगते" म्हणून वेळ मारून न्यायचो. ताईंना ते जमायचं नाही. त्या मूळच्या चंद्रपूरच्या. तिथल्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून इकडे आलेल्या. वीस वर्षं झाली तरी बोलण्यातलं "काहून" आणि "मले" सुटलं नव्हतं. पन्नाशी उलटली होती, एका गुडघ्याला कायम पट्टा असायचा, आणि सुट्टीच्या दिवशी त्या गुहांमध्ये शिरायच्या. एका हौशी क्लबच्या त्या लीडर होत्या.

मी येऊ का, असं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "फोटो पाहिजेत का तुले? मग बाहेरूनच काढ. आत फक्त चिखल आहे."

तरी मी गेले. जुलैतला, म्हणजे इथल्या हिवाळ्यातला, शनिवार होता. स्नोई माउंटन्सच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा बर्फ भुरभुरत होता, गाडीच्या काचेवर साचत होता. आम्ही चौघं होतो. ताई, मी, नील नावाचा एक उंच इलेक्ट्रिशियन, आणि प्रीती. प्रीती युनिव्हर्सिटीत शिकायची, सिडनीतच वेंटवर्थव्हिलला भावाकडे राहायची. दहाला आत शिरायचं, दोनपर्यंत बाहेर यायचं, असं ठरलं होतं.

परतताना प्रीतीचा पाय घसरला आणि ती आतल्या ओढ्यात कमरेपर्यंत भिजली. "आय ॲम फाइन," ती म्हणाली. ताईंनी चाल वाढवली. एका ठिकाणी वाट फुटत होती, त्या न थांबता डावीकडे वळल्या. वीसेक मिनिटं आम्ही वाकून, मग रांगत गेलो. छत खाली खाली येत गेलं. मग ताई थांबल्या आणि त्यांनी दिवा आमच्याकडे वळवला.

"मी चुकले," त्या आधी मराठीत म्हणाल्या, मग नीलसाठी इंग्रजीत. "ही आपली वाट नाही. मघाशी थांबून बघायला पाहिजे होतं. मी बघितलं नाही."

नीलचा आवाज चढला. "तुला ही गुहा पाठ आहे असं तूच म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. नाही पाठ."

प्रीती आता काही बोलत नव्हती. तिचे दात वाजत होते, आणि मी नाव विचारलं तर ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. ताईंनी आपल्या पिशवीतला कोरडा लोकरी स्वेटर काढला, ओले कपडे उतरवून तिला तो घातला, वर मोठी प्लॅस्टिकची पिशवी चढवली. नीलला म्हणाल्या, "हिला कुशीत घेऊन बस. बोलत राहा. झोपू देऊ नकोस. तुझा दिवा विझव, हिचा चालू ठेव." मग मला, "तू चल माझ्यासंग."

आम्ही दोघी फाट्यापर्यंत मागे आलो. जाताना ध्यानात आलं नव्हतं, पण आम्ही परतलो ती वाट सोडून तिथे दोन नाही, तीन तोंडं होती. तिन्ही सारखीच काळी. प्रीती मेली तर, एवढंच डोक्यात होतं.

ताई म्हणाल्या, "बाहेर बर्फ आहे म्हणजे बाहेरची हवा आतल्याहून थंड. थंड हवा जड असते, आपण आलो त्या खालच्या तोंडातून ती आत घुसते. तोंडावर गार वारा येईल तिकडं दार. एकेका वाटेत डोकं घाल आणि सांग मले."

"तुम्हीच बघा ना ताई. मला काय कळतंय?"

"माझा आज माझ्यावर भरवसा नाही. मी आधी बोलले तर तू हो म्हणशील. तू मनाशी ठरव, मी ठरवते. मग दोघी हात करू."

मी हातमोजा काढून, गाल ओला करून तिन्ही तोंडांशी उभी राहिले. पहिल्यात काही नाही. दुसऱ्यात आहे की नाही कळेना. तिसऱ्यात गालाला सुई टोचल्यासारखं झालं. पुन्हा दुसऱ्यात गेले, पुन्हा तिसऱ्यात. माझ्यामागून ताईंनीही तिन्हीत डोकं घालून बघितलं. मग आम्ही एकदम हात केला. दोघींचाही तिसऱ्याकडे.

मागे जाऊन दोघांना आणलं आणि प्रीतीला मध्ये घेऊन आम्ही इंच इंच सरकत निघालो. खडकावर पातळ बर्फ लागला, मग राखाडी उजेड. बाहेर पावणेपाच झाले होते. गाडीचा हीटर लावल्यावर अर्ध्या तासाने प्रीती भानावर येऊन रडायला लागली, तेव्हा ताईंनी पहिल्यांदा पाठ टेकली.

तिला आधी दवाखान्यात दाखवलं, रात्र तिथेच काढली आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. "दादाला नको सांगू या," प्रीती वाटेत म्हणाली. ताई म्हणाल्या, "तुझं तू नको सांगू. माझं मले सांगू दे." दारातच, चिखलाच्या बुटांनिशी उभं राहून त्यांनी भावाला सगळं सांगितलं, मी वाट चुकवली इथपासून. तो खूप बोलला. त्यांनी मान खाली न घालता सगळं ऐकून घेतलं.

गाडीत मी म्हणाले, "एवढं कशाला सांगायचं?"

"उद्या तिले पाठवायचं का नाही, हे दोघं भाऊ-बहीण बसून ठरवतील. अर्धंच सांगितलं तर काय ठरवतील ते?"

क्लबला त्यांनी स्वतःच लिहून कळवलं आणि लीडरपद सोडलं. कुणी मागितलं नव्हतं. पुढची दोन वर्षं त्या ओळीत सगळ्यांच्या शेवटी चालायच्या.

यंदा मार्चमध्ये ताई गेल्या. हृदय बंद पडलं, झोपेतच. सिडनीतल्याच गिरावीनच्या हॉलमध्ये बुद्धवंदना झाली, माणसं मावत नव्हती. मला मात्र त्यांची शेवटची ट्रिप आठवत राहिली. मागच्या हिवाळ्यातली ती ट्रिप माझी लीडर म्हणून पहिलीच होती. गुहेच्या तोंडाशी पोचलो आणि बर्फ दाट झाला, ओढ्याचं पाणीही चढलेलं दिसलं. सगळ्यांनी दोर, दिवे बांधले होते. पाच तास गाडी चालवून आलो होतो. आत जावं की नाही, मला ठरवता येईना. मी ताईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या, चेहऱ्यावर ना हो, ना नाही.

"परत जाऊ या," मी म्हणाले.

नील कुरकुरला, "थोडं तरी आत बघू." मी काही बोलायच्या आत ताई दगडावर बसल्या आणि आत शिरण्यासाठी आवळलेला गुडघ्याचा पट्टा सोडायला लागल्या.